नाक्यावर पापलेटची साक्ष

पोलिसाने मागितलं म्हणून ओळखपत्र दाखवायलाच हवं का, या विषयावर मी आयुष्यात एकदाच भाषण केलं आहे. बोईसरहून नवापूरला जाणाऱ्या एस.टी.त, रविवारी सकाळी, उभं राहून. भाषण चालू असताना ओळखपत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी साताऱ्याकडचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. पिंपात पावडर भरायची, झाकण ठोकून बसवायचं, वर नंबर घालायचा. महिन्याला जो रंग निघायचा तो हातांवर चढायचा आणि कितीही घासलं तरी उतरायचा नाही. त्या महिन्यात माझे हात जांभळे होते.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगी मी गावाकडच्या एका लग्नात पाहिली होती. पंगतीत वाढताना तिने मी नको नको म्हणत असताना दोनदा जिलेबी वाढली, आणि त्या दिवसापासून मला तीच हवी होती. हे मी आजही कुणापुढे नाकारणार नाही. बोलणी मात्र माझ्या थोरल्या चुलत्यांच्या हातात होती. त्यांनी मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं की पोरगा सुपरवायझर आहे. मला हे कळलं तेव्हा मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मग मुलीचे वडील स्वतःच माझी नोकरी बघायला बोईसरला आले. शनिवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर उतरले आणि पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघितलं.

"कामगारांच्या हजेरीवर सह्या करताना दौत सांडली," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. दौत केवढी असते, असं काही विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणासाठी मी कोपऱ्यावर मासे घेऊन बसणाऱ्या नवापूरच्या मावशीकडे गेलो. दोन वर्षं मी तिच्याकडून बोंबील घेत होतो. त्या दिवशी ऐटीत म्हणालो, "मावशी, दोन पापलेट द्या." तिने माझ्याकडे बघितलं, मग पापलेटांकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी कापून दिली. मुलीच्या वडिलांनी ती काटे चाचपत, घाबरत घाबरत, पण बोटं चाटून संपवली.

दुसऱ्या दिवशी त्यांना समुद्र दाखवावा म्हणून आम्ही नवापूरची एस.टी. धरली. अणुशक्ती केंद्राकडे कुणी मोठे पाहुणे येणार होते, त्यामुळे नाक्यावर बंदोबस्त होता. एस.टी. थांबली. एक पोट सुटलेले हवालदार आत आले आणि म्हणाले, "चला, कारखान्याची कार्डं, रेशनकार्डं, काय असेल ते काढा."

कार्डावर माझ्या फोटोखाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: हुद्दा, कामगार, पॅकिंग. ते बाहेर आलं की लग्न मोडलं. मी ताडकन उठलो.

"कुठल्या कायद्याने मागता?"

माझा खोलीतला जोडीदार वकिलीच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेला होता. त्याच्याकडून ऐकलेलं सगळं मी एका दमात ओकलो. नागरिकाने खिशात कार्ड बाळगलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? माझ्यावर आरोप काय? नाव विचारा, सांगतो. कार्ड दाखवणार नाही! मला वाटलं, शेजारी बसलेले मुलीचे वडील, म्हातारबुवा, आता मला शर्टाला धरून खाली बसवतील. पण तेच उठून उभे राहिले.

"बरोबर बोलत्यात जावईबापू! कुठल्या कायद्यात लिव्हलंय? आमी बी न्हाय दाखवणार!" असं म्हणून त्यांनी आपली पिशवी छातीशी घट्ट धरली.

जावईबापू! छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं. या हिमतीच्या माणसाच्या घरात माझं कल्याण होणार, असं वाटलं.

हवालदार अजिबात चिडले नाहीत. आम्हाला खाली उतरवून घेतलं, एस.टी. पुढे जाऊ दिली आणि म्हणाले, "नका दाखवू. सक्ती नाही. इथे सावलीत बसा. तुम्हाला ओळखणारं कुणी आलं, की निघा."

आम्ही कायद्याची लढाई जिंकून दगडावर बसलो. अर्ध्या तासाने नवापूरकडून येणारी गाडी तपासणीला थांबली आणि तिच्यातून डोक्यावर टोपली सावरत मावशी उतरली. मी झटकन तोंड फिरवलं.

"मावशी, याला ओळखता का?" हवालदारांनी हाक मारली.

"याला? तो आमचा बोंबीलवाला हाय."

"अवो, सुपरवायझर हाईत ते," म्हातारबुवा अभिमानाने म्हणाले.

मावशीने टोपली खाली ठेवली. हसायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

"सुपरवायझर पापलेट खातो, बाबा. मोठा सायेब सरंगा खातो. पिंपं भरनारे सगले बोंबील नि मांदेली नेतात. आज वीस वर्सं मी मासली विकते, माजा हिसोब कदी चुकला नाय. हा दोन वर्सं बोंबील खातो, नि काल एकदम पापलेट मागला. तवाच मी बोलली, याच्या घरी कोन तरी आलाय नि हा कायतरी लपवतो हाय."

आता कायदा काय कामाचा? जांभळ्या हाताने मी कार्ड काढून दिलं. हवालदारांनी ते मोठ्याने वाचलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"आणि बाबा, तुमचं?"

"सक्ती न्हाय ना?" म्हातारबुवांचा आवाज एकदम बारीक झाला.

"पोराने दाखवला, आता तुमी पन दाखवा," मावशी म्हणाली.

पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं रेशनकार्ड निघालं. हवालदार एकेक नाव वाचत गेले. "मुलगी, वय सतरा. कार्ड सहा वर्षांपूर्वीचं. म्हणजे आता..." त्यांनी बोटांवर मोजलं. "तेवीस."

आम्हाला एकोणीस सांगितलं होतं. मी बावीसचा होतो.

"ओळख पटली," हवालदार म्हणाले. "जा आता दोघं समुद्र बघायला."

समुद्राला ओहोटी होती. आम्ही दोघं वाळूत बसलो. शेवटी तेच म्हणाले, "तिला पॅकिंगचं मी सांगू, का तुमी सांगताय?"

"मीच सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात रीतसर बघायला गेलो. सगळे आत चुलत्यांशी बोलत असताना मी ओटीवर तिच्यापुढे कार्ड ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं. तोवर हात पिवळा झाला होता.

तिने कार्ड उचललं आणि न वाचताच परत दिलं.

"पंगतीत मी दोनदा कशाला आले जिलेबी घेऊन?" ती म्हणाली. "तुमचे हात बघायला. तेव्हा हिरवे होते."