अर्ध्या वेगाचे मास्तर

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतले पंपवाले काका मोबाइलवर परदेशातला पाणीपुरवठ्याचा एक फुकट कोर्स करायचे. इंग्रजी झेपायचं नाही, म्हणून व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावायचे. शिकवणाऱ्याचा आवाज लडबडायचा. "मास्तर आज पण प्यायलेत," म्हणून हसायचे. त्यांच्यासोबत नाव घातलेले आम्ही तिघे इंजिनिअर दुसऱ्याच आठवड्यात गळालो.

मग केनियातल्या कुणीतरी कोर्सच्या ऑनलाइन चर्चेत विचारलं, पंप चालतोय, पाणी का चढत नाही? काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून पाठवलं: पंपात हवा अडकलीय, आधी ती काढा. पुढच्या व्हिडिओत मास्तरांनी तेच चित्र जगभरच्या वर्गाला दाखवलं.

"काका, आता तरी पूर्ण वेगाने लावा!"

"गप रे. माझं कौतुक चाललंय. सावकाश ऐकू दे."