जनाबियातली पंगत

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीही तिथे रेषा मारायला शिकलो, लिहायला नाही. इंटिरिअरचा विद्यार्थी होतो. आपण लिहावं की नाही, अजून ठरत नाही. पण इतक्या वर्षांत राग कमी झालेला नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकातली उन्हाळ्याची सुट्टी. आबा, म्हणजे माझे वडील, बहारीनला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. व्हिजिट व्हिसावर मी त्यांच्या रिफातल्या खोलीवर गेलो. तिथल्याच जनाबिया भागातल्या एका व्हिलाचं जपानी रेस्टॉरंट करायचं काम कंपनीला मिळालं होतं आणि ड्राफ्ट्समन सुट्टीवर गेला होता. मॅनेजर आपल्याकडचाच, मराठी. आबांना म्हणाला, "मुलाला बसवा बोर्डावर. शिकेल." मी हरखून गेलो.

जपानी घरांची पुस्तकं मी कॉलेजच्या लायब्ररीत पाहिली होती. दारात चपला काढायची खोलगट जागा, मग एक पायरी चढून गवती चटयांची जमीन. बुटकी टेबलं, त्यांच्याखाली पाय सोडायला खड्डा, म्हणजे मांडी न जमणाऱ्यालाही अवघडायला नको. कागदी सरकती दारं. दिवे खाली, कागदाआड. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे आधी निवावेत, मग त्याला भूक आठवावी, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

आबांनी ड्रॉइंग पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जमिनीवर बसवणार?"

"हो आबा. जपानी पद्धत आहे."

"आणि लोक पैसे देऊन येणार? आम्हाला तर फुकट बसवायचे. उकिरड्याच्या कडेला."

आम्ही बौद्ध. आबांच्या लहानपणी गावच्या लग्नात आमच्या वस्तीची पंगत लांब बसायची, बाकी सगळे उठल्यावर. म्हणूनच रिफातल्या त्या एवढ्याशा खोलीत पलंगाच्या आधी जेवायचं टेबल आलं होतं. मी म्हटलं, "इथे मालकही खाली बसेल, पाहुणाही. सगळे एका उंचीवर."

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढून पाहिला. मग म्हणाले, "बरं. दिवे मी लावतो."

काम चालू असताना एकदा मॅनेजर आबांच्या थर्मासमधला चहा पिता पिता म्हणाला, "गाव कुठलं हो तुमचं?" आबांनी सांगितलं. "गावात कुठे?" आमचं आडनाव सगळ्यांत असतं, त्यावरून त्याला काही कळलं नव्हतं. हा दुसरा प्रश्न कशासाठी असतो ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आबांनी वस्तीचं नाव सरळ सांगितलं. त्यानंतर त्या थर्मासला त्याने हात लावला नाही, आणि आबांना तो अरे-तुरे करू लागला.

उद्घाटनाआधीच्या शुक्रवारी दुपारी बहारीनी मालकाने राबलेल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कोकणातले सुतार आत जाऊन बसले. आम्ही चपला काढत होतो, तेवढ्यात मॅनेजर दारात आडवा आला.

"तुम्हा दोघांचं मागे लावलंय. निवांत जेवा. आत जागा नाही."

आत चार आसनं रिकामी होती. ती खोली मी काढली होती, जागा किती ते मला विचारायचं! मागे म्हणजे गॅसच्या सिलिंडरांपाशी, उन्हात. आबा खालच्या आवाजात म्हणाले, "चल बाळा, मागे वारा असेल."

मला ते सहन झालं नाही. मालकाला हिंदी समजायची. त्याला कळावं म्हणून मी हिंदीत ओरडलो, "इनको हमारी जात मालूम है, इसलिए बाहर बिठा रहे हैं!" सुतारांनी माना ताटात घातल्या. मालकाने विचारलं, "क्या हुआ?"

"मफी मुश्कील," काही अडचण नाही असं मॅनेजर त्याच्या अरबीत हसत म्हणाला. "लडका थक गया है."

मालक पुन्हा जेवू लागला. आम्ही न जेवता परतलो. वाटेत आबा एवढंच बोलले, "महिन्याभरात माझा व्हिसा संपतोय. रिन्यूच्या कागदावर त्याची सही लागते रे."

सुट्टी संपून मी हॉस्टेलवर आलो. आबांच्या पत्रांत हवापाणी असायचं, व्हिसाबद्दल एक अक्षर नसायचं. मी रोज संतापायचो: मॅनेजरवर, त्या मालकावर, माना खाली घालणाऱ्यांवर. बोललो ते चुकलं असं मात्र मला एकदाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग हॉस्टेलच्या ऑफिसात फोन आला. त्या सुतारांपैकी एक जण रजेवर गावी आला होता.

"आबांचा व्हिसा केला नाही रे," तो म्हणाला. "मॅनेजर आमच्यासमोरच बोलला, पोरगा खोटं बोलला एवढं म्हण, आत्ता सही करतो. तुझे आबा म्हणाले, पोरगा खरं बोलला."

"आणि तुम्ही काय बोललात?" मी विचारलं.



"बुधवारच्या विमानाने येतायत," तो म्हणाला. "घरी कळव."