इच्छुक नाही

अन्याय झाला तो यवतमाळकडच्या कळंबच्या पुढच्या एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, मुलीवर. गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता. त्या वेळी ती ओट्यावर टोपलीसाठी बांबू सोलत बसली होती. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात मिळालेली तिची जागा त्या मिनिटाला गेली. जागा मिळाली होती हेच तिला माहीत नव्हतं.

पोडावर रेंज नाही. म्हणून फॉर्म भरायला कळंबला यायचं, आणि त्यात मोबाइल नंबर टाकायचा तो भरून देणाऱ्याचा. आमच्याकडे सगळेच असं करतात. ओटीपी लगेच येतो, काम उरकतं. त्या उन्हाळ्यात अकरा मुलींच्या फॉर्मवर मी माझा नंबर टाकला आणि वर छातीही फुगवली. त्या अकरांत हीसुद्धा; पोडावरून बारावी सायन्स झालेली ती पहिलीच.

‘दादा, लागली जागा तं मले कळन ना?’

‘कळन म्हणजे? मी सोता सांगाले येतो,’ मी म्हणालो.

तिला जागा लागल्याचा मेसेज रविवारी आला. मी यवतमाळला कलेक्टर कचेरीसमोर धरण्यावर होतो. मागणी होती आदिवासी मुलींसाठी वसतिगृहात जागा वाढवा. पत्रक मीच लिहिलेलं. भाषणांचे व्हिडिओ काढायला फोन सोबत्याकडे असायचा, आणि हातात आला की मी आमचेच फोटो बघायचो. तिचा मेसेज शाबासक्यांच्या खाली पडून राहिला. बुधवारी सकाळी दिसला.

मोटारसायकल काढून पोडावर गेलो. तिनं ऐकून घेतलं, हातातला कोयता खाली ठेवला.

‘कालपर्यंत जा लागत होतं?’

‘हो.’

‘मंग तुमी काल कुठी होते?’

‘धरण्यावर.’

‘कायचं धरणं?’

‘तुमच्यासाठीच.’

‘माह्यासाठी होतं तं मले सांगाचं तरी,’ ती म्हणाली. तिची मावशी हसली.

त्याच दिवशी एसटीनं आम्ही नागपूर गाठलं. कॉलेजच्या खिडकीतला बाबू सभ्य होता, हे जास्त लागलं.

‘तीन दिवस दिले होते ना, भाऊ. नियम सगळ्यांना सारखा.’

‘हिच्याकडे फोन नाही.’

‘मग हा नंबर कोणाचा?’

‘माझा.’

‘म्हणजे मेसेज तर पोचला.’

तिच्या नावापुढे शेरा होता: इच्छुक नाही. तिनं तो वाचला. ‘असं मी कधी म्हटलं?’

‘ते सिस्टिमच टाकते, बेटा.’

पहिलीपासून बारावीपर्यंत घर सोडून आश्रमशाळेत राहिलेल्या मुलीला म्हणे शिकायची इच्छा नव्हती. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती.

माझी चूक मला मान्य आहे. कोणी समजूत घालायला येऊ नये. पण माझ्यासारख्या एका बेफिकीर माणसाच्या खिशावर तिचं शिक्षण टांगून ठेवलं कोणी? निवडीची यादी कागदावर छापून आश्रमशाळेत पाठवायला कोणाचे हात मोडले होते? नियम सारखा असेल, रेंज सारखी नाही, आणि हे खिडकीतल्या बाबूपासून वरच्या साहेबांपर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे. शेरा लिहायला सोपा, म्हणून चालतो.

यंदा मी कोरा फॉर्म घेऊन पुन्हा गेलो. मावशीनं पाणी दिलं. मुलगी घरातच होती, बाहेर आली नाही.

हे वाचणारे तुम्ही कॉलेजात शिकवत असाल, ऑफिसात फायली हाताळत असाल, किंवा तुमची पोरं तिथं शिकत असतील. उद्या जा आणि ‘इच्छुक नाही’ असा शेरा असलेली यादी मागा. त्यातल्या एका मुलीच्या नावापुढचा नंबर फिरवा, कोण उचलतं ते ऐका. मग तिच्या घरी स्वतः जा आणि तिच्याच तोंडून ऐका, तिची इच्छा होती का.