पल्लवीच्या मनानं खालापूर

माझी भाची पल्लवी बावीस वर्षांची. समजायला तिला वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त. खालापूरजवळच्या एका रोपवाटिकेत अशा मुलांना काम शिकवतात, राहायची सोयही तिथंच. माझा भाऊ वसंता तर तिची बॅग भरायलाच बसला होता.

"तिला काय कळतंय, ताई? आपणच ठरवायचं."

"आधी बघू तर दे. एक रात्र आम्ही दोघी तिथं राहतो, मग तीच सांगेल."

कर्जतहून चौकला शेअर रिक्षा मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. तेव्हा सकाळीच निघा. चौकच्या ढाब्यावर वेटरनं पल्लवीकडं बोट करून मला विचारलं, "ताईंना काय देऊ?"

"ताईंनाच विचार रं."

पल्लवी शेजारच्यांच्या ताटांत बघत राहिली. 'मिसळ' अगदी माझ्या ओठांवर आली होती, पण तोंडात मूग धरून बसले. वेटर दोन टेबलं पुसून आला, तेव्हा ती म्हणाली, "भजी. कांद्याची नको." बटाट्याची आली. गरमागरम, फक्कड! तुम्हीही खा.

पुढं एसटीनं खालापूर फाटा, तिथून थोडी पायपीट. रोपवाटिकेत पल्लवीनं पिशव्यांत माती भरायला घेतली ती उठेचना. "हात चांगला बसलाय गं तुझा," शिकवणाऱ्या सुनंदाबाई म्हणाल्या. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण रात्री खोलीत ती चपला घालूनच खाटेवर बसून राहिली.

सकाळी मी विचारलं, "राहशील ना गं इथं?"

सुनंदाबाईंनी मला अडवलं. "असं नका विचारू, ती हो म्हनंल. काय आवडलं, काय नाय, ते विचारा."

तसं विचारलं. बराच वेळ गेला.

"माती आवडली. खाट नाय. काम करीन. झोपायला घरी."

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सुनंदाबाई हसल्या. "रोज ये की मग."

फोनवर वसंता उखडला. "रोज येणार-जाणार? आणि वाट चुकली म्हंजे?"

पल्लवीनं फोन माझ्या हातातून घेतला. "बाबा, तुमी शिकवा."



आता सकाळी वसंता तिच्याबरोबर चौकपर्यंत जातो, पुढची एसटी ती एकटीच धरते. रिक्षा तिनं विचारायची, पैसे तिनं द्यायचे. हा मागच्या सीटवर गप्प. परवा मी त्यांच्याकडं गेले, तर चहा ओतताना त्यानं विचारलं, "पल्लू, साखर किती?"

ती विचार करत राहिली. चहावर साय धरली. चमचा हातात घेऊन वसंता तसाच उभा होता.