वडिलांची सही

घाटकोपरची आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरत होतं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी दर वाक्यात ‘पॉवर’ म्हणत. कमिटीची पॉवर, बिल्डरची पॉवर. एका रविवारी ते कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा, टाईप केलेला कागदच घेऊन घरी आले. घर वडिलांच्या नावावर. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात नीट चालत नव्हता. शिवाय प्रत्येक सभेत उठून प्रश्न विचारायची त्यांची जुनी खोड.

‘‘काका, मुलाला पॉवर देऊन टाका ना! सभेचा त्रास तुम्हाला कशाला?’’

कागद ठेवून ते गेले. मला, कबूल करतो, सुटल्यासारखं वाटलं होतं. सही माझी, मत माझं, कटकट संपली.

‘‘ह्यां पॉवर म्हणजे नक्की काय रे?’’ वडिलांनी त्यांच्या मालवणीत विचारलं.

मी सवयीने जाडा शब्दकोश काढला. शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचवाटे इंग्रजीत आलेला. राजे, फौजा, वीज हे सगळं त्याला नंतर चिकटलं. मुळात एक साधं क्रियापद: शकणे. आपली ‘शक्ती’सुद्धा शकण्यातूनच आलेली. हे कळल्यावर, सहीसाठी ठेवलेला तो कागद समोर असताना, शब्दकोश मिटून टाकावासा वाटला.

‘‘शकणं,’’ मी म्हणालो. ‘‘जमणं.’’

‘‘मगे तां मी तुका कसां देऊ?’’

पुढच्या रविवारी ते स्वतः सभेला आले. हजेरीच्या वहीत सही नसेल तर मत नाही. पेन बोटांत बसेना. मी मनगट धरायला गेलो.

‘‘हात काढ.’’

पहिलं अक्षर रेघेखाली घसरलं. अख्खी सभा त्या पेनाकडे बघत होती. ‘‘घाई नाही हां काका,’’ सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले. आडनावापर्यंत पोचताना वडिलांच्या कपाळावर घाम आला. सेक्रेटरींनी जुनी पानं उलटून सही पडताळली.

‘‘जुळत नाही हो.’’

‘‘मी हंय बसलंय मा! सहीक काय इचारतस? माका इचार.’’

मागून कोणीतरी हसलं. सेक्रेटरींनी नाइलाजाने नावापुढे बरोबरची खूण केली.

मतदानाला वडिलांनी डावा हात वर केला. इमारत पाडायच्या बाजूने. त्यांचा विरोध असणार हे सेक्रेटरींनी धरूनच ठेवलं होतं. मीही. आठवडाभर एका घरात राहून मी त्यांना ते विचारलंच नव्हतं.