खुशालराव स्टाफ धरतात

खुशालराव उंबरकारांना कुणी विचारलं, "काम काय करता?" तर ते सांगतात, "धरतो." विचारणारा थोडा थांबतो. पुढे काही येईल असं त्याला वाटतं. पण पुढे काही येत नाही, कारण खुशालरावांच्या मते सांगण्यासारखं सगळं सांगून झालेलं असतं.

ते धरतात तो स्टाफ. बांधकामावर कुठली जागा किती उंच आणि किती खोल हे मोजायचं असलं की एक जण तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावतो आणि दुसरा लांब जाऊन आकडे छापलेली उंच पट्टी उभी धरतो. दुर्बिणीतली आडवी रेघ पट्टीच्या ज्या आकड्यावर पडते तो वहीत लिहायचा. या पट्टीला सगळ्या साइटवर स्टाफ म्हणतात. खुशालरावांचा स्टाफ अ‍ॅल्युमिनियमचा आहे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. मिटला की बगलेत मावतो आणि पुरता ओढला की पाच मीटर. प्रत्येक नळी बाहेर आली की तिचं बटण 'टक' करून बसतं. ते ऐकल्याशिवाय खुशालराव पुढच्या नळीला हात लावत नाहीत. ऐकलं की कुणी विचारो न विचारो, मोठ्यानं म्हणतात, "बसलं."

बत्तीस वर्षं हे चाललं आहे. अकोल्यातल्या निम्म्या टाक्या, अमरावतीकडचे दोन पूल आणि धारणीकडचा एक रस्ता त्यांच्या स्टाफाखालून गेला. स्टाफ हळूच पुढेमागे डोलवायचा, म्हणजे दुर्बिणीवाल्याला सगळ्यात लहान आकडा मिळतो आणि पट्टी अगदी सरळ असतानाचा तोच खरा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. घरचा धंदा वांगी-मेथीचा. भाऊ अजून मळा करतात. खुशालराव मात्र एकदा स्टाफ धरणारा आला नाही म्हणून अर्धा दिवस उभे राहिले ते राहिलेच.

"पाच मीटरचा दांडा दिवसभर धरते माणूस," असं त्यांच्या पत्नी दुर्गाबाई आल्यागेल्याला सांगतात, "अन् बजारात माही पिशवी दोन मिनिटं धरा म्हटलं तं हात दुखते."

यंदा त्यांचं काम पातूर रस्त्यावरच्या एका गावात निघालं. गावाचं सभागृह बांधायचं होतं. इंजिनीयर प्रणाली, अमरावतीची, शिकून आलेली पण बोलायला आपल्यातलीच. साइटच्या वरच्या अंगाला गोदाबाईंचं घर होतं. झेंडूचे हार करून विकणारी, एकटी आणि खणखणीत बाई. तिच्या ओट्याच्या कोपऱ्यावर प्रणालीनं लाल रंगानं बाण काढला आणि त्या बाणाची उंची हिशेबापुरती शंभर मीटर धरली. आता सभागृहाची प्रत्येक वीट त्या बाणाला विचारून वरखाली ठरणार होती.

"सरकारनं माह्या ओट्याले शंभर नंबर देला," गोदाबाई गिऱ्हाइकांना सांगू लागल्या. शंभरातून किती हे कुणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी खुशालराव म्हणाले होते, "म्याडम, त्या विहिरीच्या दगडावरही एक आकडा घेऊन ठेवा."

"काहून काका? ओटा आहे नं."

"असू द्या. विहीर मुरमात गेली हाये. जुनं माणूस हाये ते."

प्रणालीनं म्हाताऱ्याचं मन राखायला आकडा लिहिला आणि वही मिटली.

फेब्रुवारीत जोतं भरून झालं. एप्रिलच्या मध्यावर, भिंती चढवण्याआधी, प्रणालीनं सवयीनं पुन्हा उंची तपासली. दुर्बीण वरच्या अंगाला होती आणि जोतं खाली नाल्याकडे, त्यामुळे तिथे स्टाफाच्या तीन नळ्या ओढाव्या लागत. टक, बसलं. टक, बसलं. टक, बसलं. तिनं हिशेब केला, पुन्हा केला, मग पदरानं घाम पुसावा तसा ओढणीनं पुसला.

जोतं बावीस मिलीमीटर खाली गेलं होतं. एका अंगठ्याच्या रुंदीएवढं.

एवढं मोठं जोतं एक तडा न जाता सगळीकडून सारखं खाली जाईल कसं? पुन्हा मोजलं. बावीस. दुपारी कंत्राटदार कुंदनभाऊ आले, त्यांच्यासमोर मोजलं. बावीस. कुंदनभाऊंनी जोत्याकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं आणि सरतेशेवटी ज्यांच्याकडे पाहणं सोपं होतं त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, बटण बसून राहिलं नं?"

"बसून राहिलं."

"तुमाले ऐकू आलं?"

"आलं."

"एखादी नळी थोडी खाली राहिली तं एवढाच फरक पडते," कुंदनभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "वय होते काका. कान जाते. त्यात तुमचा काय दोष? उद्या सकाळी पुन्हा पाहू. नाही जमलं तं स्टाफ दुसऱ्याले देऊ. तुमी गेटवर बसा. खुर्ची हाये, पंखा हाये, आलागेला लिहायचा."

बत्तीस वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी खुर्ची आणि पंखा देऊ केला, तर त्यानं खरं म्हणजे पेढे वाटावेत. खुशालराव मात्र बसनं सरळ अकोल्याला परत आले. घरी चहा घेतला नाही. अंगणात बसून पेनाचं बटण कानाशी धरून टकटक करू लागले.

दुर्गाबाई चुलीपाशी स्वतःशीच पुटपुटल्या, "पेन मोडते आता हा माणूस."

"नाही मोडत," खुशालराव अंगणातून म्हणाले.

दुर्गाबाई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कान चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "मंग माह्यं बोलणं काहून ऐकू येत नव्हतं इतके वर्षं?"

कानाचा निकाल लागला, पण बावीस मिलीमीटर तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसनं साइटवर पोचले. गोदाबाई दाराशी कुस्ती खेळत होत्या. खांदा लावून ढकललं, मग लाथ घातली. दार हललं नाही.

"काय झालं वो बाई?"

"आठ दिवस झाले, लागूनच नाही राहिलं भाऊ. चौकटच तिरपी झाली वाटते."

खुशालराव मदतीला म्हणून पुढे झाले आणि मध्येच थांबले. माळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला दार अडकण्याचं काही नवल नव्हतं. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते, घर उचलते, दारं अडकतात. उन्हाळ्यात ती आवळते, भेगा पडतात, दारं पुन्हा सैल होतात. आषाढात दार अडकलं तर कुणी मान वर करत नाही. पण हा एप्रिल होता.

त्यांनी खाली पाहिलं. सगळ्या गावात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. ओट्याच्या त्या कोपऱ्याशी मात्र माती मऊ, काळीभोर आणि ओली. तिच्यावर झेंडू असा फुलला होता की जणू त्याला कुणी उन्हाळा कळवलाच नव्हता. झेंडूच्या बुडाशी पाइपाचं तोंड होतं.

पाइप साइटवरचा होता. काँक्रीटवर पाणी मारून झालं की उरलेलं वाया जायचं, म्हणून दीड महिन्यापूर्वी एका भल्या माणसानं त्याचं तोंड रोज संध्याकाळी गोदाबाईंच्या झाडांकडे वळवायला सुरुवात केली होती. तो भला माणूस आता ओट्यासमोर उभा होता आणि त्याच्या कपाळाला घाम येत होता.

जोतं खाली गेलंच नव्हतं. शंभर नंबरचा ओटा वर आला होता.

हे सांगितलं की कान वाचत होते. पण पाणी कुणी सोडलं, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येणार होता. कान गेले म्हणून खुर्चीवर बसायचं, की झेंडू वाढवला म्हणून घरी बसायचं? खुशालरावांनी पाइपाचं तोंड साइटकडे वळवलं आणि प्रणाली येताच ते म्हणाले, "म्याडम, विहिरीचा आकडा काढा."

प्रणालीनं वहीची पहिली पानं उलटली. दुर्बीण लावली. खुशालरावांनी विहिरीच्या दगडावर स्टाफ धरला, मग जोत्यावर तीन नळ्या ओढून धरला, मग ओट्यावर. तिनं आकडेमोड केली आणि ती हसायलाच लागली. विहिरीवरून मोजलं तर जोतं फेब्रुवारीत होतं तिथेच होतं, केसभरही हललेलं नव्हतं. ओटा बावीस मिलीमीटर चढला होता.

"काका, तुमचा स्टाफ बरोबर, बटण बरोबर, कान बरोबर," ती म्हणाली. "ओटाच उठून बसला."

तेवढ्यात कुंदनभाऊ आले. त्यांना पटायला दोनदा मोजून दाखवावं लागलं. पटल्यावर त्यांनी ओल्या मातीत बूट दाबून पाहिला.

"एवढं पाणी कोणं सोडलं?"

गोदाबाई झेंडूकडे पाहू लागल्या. प्रणाली वहीत पाहू लागली.

"म्या," खुशालराव म्हणाले. "दीड महिना. रोज."

कुंदनभाऊंनी बूट मातीतून ओढून काढला. "काल तुमचे कान गेले म्हटलं तं गप बसले," ते म्हणाले. "अन् आज चोरी कबूल करून राहिले."

"काल मालूम नव्हतं."

कुंदनभाऊंच्या मिशीखाली काहीतरी हललं. "स्टाफ तुमच्याचपाशी राहू द्या. पाइपाले हात लावू नका."

"मंग माह्यं शंभर?" गोदाबाईंनी विचारलं. प्रणालीनं सांगितलं की शंभर आता विहिरीकडे गेलं. गोदाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. "विहिरीले काय करायचं हाये नंबर? विहीर हार करते?" शेवटी तडजोड झाली. ओटा वाळताना किती खाली उतरतो हे पाहायची प्रणालीला उत्सुकता होतीच. तेव्हा दर सोमवारी ओट्यावरही आकडा घ्यायचा, आणि झेंडूला घागरीनं, बुडाशी, बेतानं पाणी घालायचं असं ठरलं.

मे महिन्यात भिंती चढल्या. खुशालराव विहिरीवर उभे राहून आकडे देत होते आणि दर सोमवारी ओट्यावर येऊन चहा घेत होते.

"किती उतरलं?"

"आठ."

"फक्त आठ? सकाळी तं दार अर्धं लागलं."

एका सोमवारी ते आकडा देऊन पुन्हा विहिरीकडे गेले, स्टाफ उभा केला आणि डोलवू लागले. गोदाबाईंनी ओट्यावरून हार गुंफता गुंफता हाक दिली, "भाऊ, वाकडा होऊन राहिला तुमचा बांबू."

खुशालरावांनी वळून पाहिलं नाही. प्रणालीनं मात्र दुर्बिणीतून एकदा खात्री करून घेतली आणि आकडा लिहिला.