आधी कोणाची चिठ्ठी?

तीन चिठ्ठ्या हातात धरून मी जव्हारच्या हॉलमध्ये घामाघूम उभा होतो. समोर चोवीस माणसं मान खाली घालून बसलेली. मागे खुर्चीत आमचे साहेब.

"अहो, रिझल्ट सांगा की. जेवण गार होतंय," साहेब म्हणाले.

रिझल्टच लागत नव्हता.

मी ट्रेनर. दोन हजार सालच्या आगेमागे सरकारी ट्रेनिंग घेत फिरायचो. त्या दिवशी मोखाडा तालुक्यातले पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रांच्या नर्स एकत्र बोलावल्या होत्या. पाड्यावर हे तिघं एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि भोगतात ती पोरं, अशी साहेबांची तक्रार. ती खरीच होती. म्हणून मी भाषण टाळून खेळ काढला.

खेळ सोपा. तिघांना गुपचूप भूमिका द्यायच्या: चोर, पाटील आणि नर्स. नवख्यांना जड जाऊ नये म्हणून पाटलाची भूमिका खऱ्या पाटलांपैकी एकाला दिली, नर्सची खऱ्या नर्सपैकी एकीला. कोणाला, ते फक्त मला ठाऊक. मग प्रत्येकाने हाताआड एक नाव लिहायचं. भूमिका नसलेल्यांनीही लिहायचं, नाहीतर कोणाचं पेन चाललं यावरूनच सगळं फुटतं. चोर ज्याचं नाव लिहील तो बाद. नर्स ज्याचं लिहील तो वाचला. पाटील ज्याचं लिहील तो अटकेत, आणि बाद झालेल्याची किंवा अटकेतल्याची चिठ्ठी रद्द. पुढे सगळ्यांनी बोलून चोर शोधायचा.

आता त्या तिघांच्या चिठ्ठ्या बघा. चोराने पाटलाला बाद केलं होतं. पाटलाने नर्सला अटक केली होती. नर्सने पाटलाला वाचवलं होतं.

पाटील खेळात, म्हणजे नर्स अटकेत. नर्स अटकेत, म्हणजे पाटलाला वाचवणारं कोणी नाही, तो बाद. पण पाटीलच बाद, तर अटक कसली? नर्स सुटली. सुटली म्हणजे तिने पाटलाला वाचवलं, आणि पाटील परत खेळात. पुन्हा पहिल्यापासून सुरू! इतक्या ठिकाणी हा खेळ घेतला, पण असं त्रांगडं कधी झालं नव्हतं. कोणाची चिठ्ठी आधी धरायची हा नियमच मी केला नव्हता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी घाबरलो आणि करू नये ते केलं. नावं मोठ्याने वाचली.

"सुंदराबाईंनी जानूदादांना बाद केलं. जानूदादांनी मालती सिस्टरना अटक केली. मालती सिस्टरनी जानूदादांना वाचवलं. आता तुम्हीच सांगा, आधी कोणाची चिठ्ठी?"

हशा पिकेल असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. अंगणवाडीच्या सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला.

जानूदादा उठले. खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्याचे पोलीस पाटील, पन्नाशीचे.

"आधी माझी," ते म्हणाले. "तवाबी माझीच व्हती."

"तेव्हा म्हणजे?"

"आमचे पाड्यात सिस्टरनी सुया दिल्या. पोरांना ताप आला. मी सांगितला, परत यायचा नाय. मंग गोवर आला. सिस्टर आली तं मी ओहळावरून परत लावली. माझे नातीला सुई राहिली व्हती. ती गेली."

मी हादरलो. हातातल्या कागदांकडे बघवेना. साहेब उभे राहिले होते. "मला हे कोणी सांगितलं नाही," एवढंच पुटपुटले.

"मग आज परत सिस्टरचंच नाव का लिहिलंत?" मी विचारलं.

"ताप सुईनंच आला ना? त्याची भीती जात नाय. खोटा कशाला बोलू?"

मालती सिस्टर बसूनच बोलल्या. "तुम्ही म्हणालात, वाचवायचंय त्याचं नाव लिहा. मला त्यांचंच घर आठवलं. सुईनंतर एक-दोन दिवस ताप येतो, हे मी पाड्यावर नीट सांगितलंच नव्हतं. आणि त्या दिवशी मी भांडून पुढे जायला हवं होतं. ओहळाला पाणीसुद्धा नव्हतं हो."

सुंदराबाई त्याच पाड्यावरच्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाटील, नऊ पोरं हायत अजून. एकालाबी सुई नाय."

नऊ! म्हणजे हे संपलेलं नव्हतं. आम्ही सकाळपासून टाळ्या वाजवत खेळत होतो, आणि तिकडे पाड्याची वाट अजून बंदच होती.

जानूदादांनी आधी सुंदराबाईंकडे पाहिलं. मग सिस्टरना म्हणाले, "मंगळवारी ये. मी ओहळावर येतो."

"अडवायला?" साहेबांनी विचारलं.

"न्यायला," जानूदादा म्हणाले आणि खाली बसले. त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही.

मंगळवारी नऊच्या नऊ पोरांना लस टोचली. तिघांना ताप आला. सिस्टर गोळ्या घेऊन दोन दिवस जानूदादांच्याच घरी राहिल्या. ताप उतरला. हे मला पुढच्या महिन्यात सुंदराबाईंनी सांगितलं.

माझ्या खेळात तेव्हापासून नियम पक्का आहे. वाचवणाऱ्याची चिठ्ठी सगळ्यांत आधी, मग ती अटकेत असो वा नसो. चोर झालेले कुरकुरतात, पण त्रांगडं होत नाही. चिठ्ठ्या मोठ्याने वाचणं मात्र मी कायमचं सोडलं. त्या वाचण्याने नऊ पोरांना लस मिळाली हे खरं. पण एका माणसाला भर हॉलमध्ये आपल्या नातीचं मरण माझ्या खेळापायी कबूल करावं लागलं, हेही तितकंच खरं.